‘नकळत’ कोणाच्या? : भाविकांच्या छायाचित्रांविषयी एक भाषिक विचार

प्रवासात दृष्टीस पडलेल्या भाविकाचे, त्याला न सांगता काढलेले छायाचित्र हा आता छायाचित्रणातील जवळजवळ स्वतंत्र प्रकार होऊन बसला आहे. काशीच्या घाटावर अर्घ्य देणारा वृद्ध, दर्ग्याच्या जाळीला दोरा बांधणारी स्त्री, वारीत टाळ छातीशी धरून डोळे मिटलेला वारकरी ही चित्रे आपण इतक्या वेळा पाहिली आहेत की, त्या त्या स्थळी प्रत्यक्ष गेल्यावर आपण माणसांना पाहतो की पूर्वी पाहिलेल्या चित्रांना, असा संभ्रम पडावा. ह्या प्रकारावर जी टीका झाली ती बहुतांशी दोन अंगांनी झाली. एक अंग रचनेचे : प्रकाश, चौकट, क्षणाची निवड. दुसरे नीतीचे : परवानगी घेतली की नाही. प्रस्तुत लेखक छायाचित्रकार नाही आणि नीतिशास्त्राचाही अभ्यासक नाही. परंतु ह्या कृतीला आपण कोणत्या शब्दांनी संबोधतो हा प्रश्न भाषाभ्यासकाच्या कक्षेतला आहे, आणि त्या शब्दांत वरील दोन्ही अंगे एकत्र गुंतलेली आहेत असे दिसते. म्हणून प्रारंभ शब्दांपासून करणे उचित होईल.

इंग्रजीत अशा चित्रास ‘कँडिड’ हे विशेषण लावतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शुभ्र, स्वच्छ. त्यावरून पुढे निष्कपट, मोकळा. एरिख सालोमोन हा जर्मन छायाचित्रकार १९२८ पासून न्यायालयांत आणि राजनैतिक परिषदांत छोटा कॅमेरा लपवून नेऊ लागला, आणि त्याच्या चित्रांच्या निमित्ताने १९२९-३० च्या सुमारास हे विशेषण इंग्रजी नियतकालिकांतून रूढ झाले. लपवाछपवी ही ज्या कृतीची पूर्वअट होती, तिच्या फलितास ‘निष्कपट’ हे नाव मिळाले, ही अर्थाची गंमत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. निष्कपट असतो तो ज्याचे चित्र घेतले जाते तो. विशेषण मात्र चित्राकडे जाते आणि चित्रावरून चित्र घेणाऱ्याकडे.

फ्रेंच भाषा ह्या बाबतीत अधिक प्रांजळ निघाली. आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९५२ मध्ये पॅरिसमध्ये ‘इमाज आ ला सोव्हेत’ ह्या नावाने निघाला. ‘आ ला सोव्हेत’ हा वाक्प्रचार परवाना नसलेल्या फेरीवाल्याच्या संदर्भातला आहे : पोलिसाची चाहूल लागताच पथारी गुंडाळून पळण्याच्या तयारीत असलेल्या माणसाची घाई आणि त्याचा चोरटेपणा त्यात आहे. त्याच वर्षी अमेरिकेत निघालेल्या आवृत्तीला मात्र ग्रंथारंभी उद्धृत केलेल्या कार्दिनाल द रेत्स ह्यांच्या वचनातून ‘द डिसायसिव्ह मोमेंट’ हे नाव देण्यात आले. जगाने उचलले ते हेच नाव. आपणही ‘निर्णायक क्षण’ म्हणू लागलो. शीर्षकाच्या ह्या अदलाबदलीने समीक्षेची दिशा किती बदलली ह्याचा विचार व्हावयास हवा. ‘चोरटी चित्रे’ असे म्हटले की प्रश्न उठतो, कोणापासून चोरटी? ‘निर्णायक क्षण’ म्हटले की तो प्रश्न उठतच नाही; क्षणाला मालक नसतो.

मराठीत ‘कँडिड’ला नेमके विशेषण नाही. आपण म्हणतो, ‘नकळत काढलेला फोटो’. ही उणीव आहे असे वरवर वाटते. व्याकरण पाहिले तर तो लाभ ठरतो. ‘कळणे’ ह्या क्रियापदाला अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत लागते : ‘तिला कळले’. ‘नकळत’ हे त्याच धातूचे नकारार्थी रूप असल्यामुळे ती व्यक्ती तेथेही सुटत नाही, फक्त ती आता षष्ठीच्या सामान्यरूपाने येते : ‘तिच्या नकळत’, ‘आईच्या नकळत’. मराठी बोलणारास ‘कोणाच्या?’ ह्याचे उत्तर मनात तरी बाळगावेच लागते. पण ह्याच शब्दाचा दुसरा प्रयोगही आहे. ‘माझे हात नकळत जोडले गेले’ ह्या वाक्यात षष्ठीची गरज भासत नाही, कारण येथे न कळणे हे स्वतःचेच स्वतःविषयी आहे. भक्तीच्या तन्मय अवस्थेचे वर्णन आपण ह्याच एकट्या, निराधार ‘नकळत’ने करतो.

असे दोन ‘नकळत’ झाले. भाविक स्वतःला विसरला, हा एक. कॅमेरा आहे हे भाविकाला ठाऊक नाही, हा दुसरा. चर्चेतील छायाचित्रांचा सारा दावा ह्यावर उभा आहे की, दुसरा ‘नकळत’ हा पहिल्याचा पुरावा होय : ह्या स्त्रीला कॅमेरा दिसला नाही, म्हणजे ती देवात बुडालेली होती. हे अनुमान तर्कदृष्ट्या टिकत नाही. कॅमेरा दुरून, लांब भिंगातून लावलेला असेल तर बाजारात भाव करणाऱ्या माणसालाही तो दिसत नाही. उलट वारीत चार पावलांवर कॅमेरा असतानाही ज्याची समाधी मोडत नाही असे लोक असतात. तरीही पाहणारा हे अनुमान हटकून करतो, आणि ह्या प्रकारच्या चित्रांचे सामर्थ्य बरेचसे त्या अनुमानातून आलेले असते.

आता क्रियापदे पाहू. छायाचित्र आपण ‘काढतो’, ‘घेतो’ किंवा ‘टिपतो’. ‘काढणे’ हे चित्र काढणे, रांगोळी काढणे ह्या कुळातले, निर्मितीचे क्रियापद. ‘घेणे’विषयी पुढे येईल. सुशिक्षित लेखनात क्षणाच्या संदर्भात सर्वाधिक आढळते ते ‘टिपणे’. पाखरू दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो, शिकारी सावज टिपतो, विद्यार्थी व्याख्यान टिपून घेतो, आणि पदराने डोळे टिपले जातात. ह्या सर्व अर्थांना समान धागा एकच : वस्तू लहान आहे, ती अलगद आणि पटकन उचलली जाते, आणि जेथून उचलली तेथे ती उरत नाही. आता ‘छायाचित्रकाराने त्या माउलीचे अश्रू टिपले’ हे वाक्य घ्या. त्याचे दोन अर्थ होतात आणि ते परस्परांपासून जितके दूर असावेत तितके दूर आहेत. वृत्तपत्रांत आषाढीच्या सुमारास अशी वाक्ये लिहिली जातात तेव्हा लिहिणाराचा हेतू पहिल्या, मायेच्या अर्थाची ऊब दुसऱ्याला मिळवून देण्याचा असतो की काय, अशी शंका येते. बहुधा नसावा; भाषा हे काम आपोआप करते. इंग्रजीतील बंदूक व कॅमेरा ह्यांच्या समान क्रियापदांची चर्चा सूझन साँटॅग ह्यांनी १९७७ मध्ये ‘ऑन फोटोग्राफी’ ह्या ग्रंथात केली, ती सुपरिचित आहे. आपल्या ‘टिपणे’त शिकार आणि सांत्वन एकाच घरी नांदतात, ही गोष्ट मला अधिक गुंतागुंतीची वाटते.

‘घेणे’ ह्या क्रियापदाचा विचार ‘दर्शन’ ह्या शब्दाजवळ ठेवून करावा लागतो. दर्शन ‘घेतले’ जाते आणि ‘दिले’ जाते. पाहणारा घेतो, जो पाहिला जातो तो देतो. येथे पाहिला जाणारा हा निव्वळ विषय न राहता कर्ता असतो. देवाने दर्शन दिले, असे आपण म्हणतो. डायना एक ह्यांनी १९८१ च्या आपल्या छोटेखानी ग्रंथात दर्शनाची ही उभयपक्षी दृष्टी पाश्चात्त्य वाचकांसाठी मांडली, पण मराठी वाचकास त्यासाठी ग्रंथ लागू नये. क्रियापदांची जोडी पुरेशी आहे. छायाचित्रात ह्या जोडीचे काय होते? स्टुडिओतल्या चित्रात ‘देणे’ शिल्लक असते. माणूस ‘पोझ देतो’, ‘फोटो काढून घेतो’. नकळत काढलेल्या चित्रात ‘देणे’ गळून पडते आणि ‘घेणे’ तेवढे उरते. देवासमोर उभा असलेला भाविक एका व्यवहारात घेणारा असतो, त्याच क्षणी त्याच्या पाठीमागे दुसरा व्यवहार चालू असतो, ज्यात त्याच्याकडून काही घेतले जाते आणि ज्यात त्याला ‘देण्या’चा मान नसतो.

सिद्धांत येथवर पुरे. प्रत्यक्ष चित्रांवर तो कितपत उतरतो हे पाहावयाचे तर कार्तिए-ब्रेसाँ ह्यांच्या १९४८ मधील श्रीनगरच्या चित्राइतके योग्य उदाहरण नाही, कारण ते ह्या प्रकारातले उत्तम चित्र आहे. हरि पर्बत टेकडीच्या उतारावर काही काश्मिरी मुसलमान स्त्रिया आहेत, बहुतेक पाठमोऱ्या. त्यांपैकी एकीने दोन्ही तळहात वर करून पुढे धरले आहेत. पलीकडे खोल दरी, मग पर्वत, वर ढग. तळहातांची उंची आणि ढगांची रेषा अशी जुळली आहे की ते ढग तिच्या ओंजळीतून सुटले असावेत. चित्राची मोहिनी निर्विवाद आहे. शिवाय पाठमोरेपणामुळे त्यात एक संकोचही आहे : चेहऱ्यांची लूट झालेली नाही. ‘चोरटी चित्रे’ लिहिणारा हा छायाचित्रकार येथे चोरी करताना मागे उभा राहिला, आणि ते त्याच्या बाजूने जमेस धरले पाहिजे.

परंतु चित्राखालील मजकूर वाचावा. तो सांगतो की, ह्या स्त्रिया हिमालयामागून उगवणाऱ्या सूर्याच्या दिशेने प्रार्थना करीत आहेत. हे कोणी सांगितले? उघड्या तळहातांची ही मुद्रा ‘दुआ’ची आहे; ती नमाजाहून भिन्न असते आणि तिला किब्ल्याच्या दिशेचे बंधन नसते, तेव्हा पूर्वेकडे तोंड असणे अशक्य नाही. पण सूर्याकडे तोंड असणे आणि सूर्याला उद्देशून प्रार्थना करणे ह्यांत एका पंथाचे अंतर आहे. त्याच टेकडीच्या अंगावर शेख हमजा मखदूम ह्यांचा दर्गा आहे, आणि काश्मीरमध्ये दर्ग्यासमोर हात पसरून मागणे मागण्याची रीत जुनी आहे. मजकूर दर्ग्याचा उल्लेख करीत नाही. तो सूर्याचा करतो, कारण चौकटीत प्रकाश आहे आणि दर्गा नाही. स्त्रियांना विचारले असते तर एका वाक्यात निरसन झाले असते; परंतु विचारले असते तर चित्र ‘नकळत’ राहिले नसते.

दुसरी गोष्ट वर्षाची. १९४८ साल. काश्मीरमध्ये ऑक्टोबर १९४७ पासून युद्ध चालू होते आणि युद्धविराम १ जानेवारी १९४९ ला व्हावयाचा होता. त्या तळहातांवर काय मागणे होते? घरातले कोणी परतावे असे? पीक यावे असे? की रोजचेच, नेमाचे काही? चित्र ह्याविषयी मूक आहे, आणि त्याच्या कालातीततेची जी स्तुती होते ती ह्या मौनावरच होते. कालातीतता हा गुण येथे माहितीच्या अभावातून उत्पन्न झाला आहे, असे म्हटल्यास चित्राचा अधिक्षेप होणार नाही. पण त्याच्या कौतुकाची भाषा थोडी सावध होईल.

रघुबीर सिंह (१९४२-१९९९) ह्यांनी तरुणपणी, १९६६ मध्ये, जयपूर येथे कार्तिए-ब्रेसाँ ह्यांना काम करताना पाहिले होते. त्यांच्याकडून ते शिकले, आणि पुढे त्यांच्यापासून एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळे झाले : त्यांनी रंग स्वीकारला. गंगा आणि काशी ह्यांवरील त्यांचे ग्रंथ (१९७४ व १९८७) यात्रेकरूंनी भरलेले आहेत, पण त्यांत भाविक एकटा, ढगांवर तरंगणारा असा विरळा. त्याच्या भोवती इतर माणसे, वाहने, पाट्या, जनावरे असतात. १९७७ च्या कुंभमेळ्यातील त्यांच्या एका प्रसिद्ध चित्राचे नावच ‘यात्रेकरू आणि अँबॅसडर मोटार’ अशा अर्थाचे आहे. ही गर्दी भाविकाला कालाशी बांधून ठेवते. येथेही चित्र त्याच्या नकळतच आहे, पण पहिला ‘नकळत’ सिद्ध करण्याचा आग्रह त्यात नाही, आणि त्यामुळे पुष्कळ फरक पडतो. स्टीव्ह मॅकरी ह्यांची भारतातील अतिसुबक चित्रे ह्या उलट टोकाची. त्यांच्या काही चित्रांत फेरफार केल्याचे २०१६ मध्ये उघडकीस आले तेव्हा वाचकांना जो धक्का बसला, त्याचे कारण ‘नकळत’पणावर टाकलेला विश्वास हे होते. त्याच वर्षी टेजू कोल ह्यांनी ह्या दोघांची तुलना करून रघुबीर सिंह ह्यांच्या बाजूने दिलेला निर्णय मला मान्य आहे.

पंढरीच्या वारीकडे वळले म्हणजे प्रश्नाला निराळे वळण लागते, कारण तेथे पाहणाऱ्याला स्थान देण्याची स्वतःची अशी रीत आहे. वारकरी एकमेकांस ‘माउली’ म्हणतात आणि एकमेकांच्या पायां पडतात. जो नमस्कार करतो त्याला लगेच नमस्कार मिळतो. देणे-घेणे येथे एका क्षणात पुरे होते. छायाचित्रकारालाही ‘माउली’ म्हटले जाते. त्याच्या डोळ्याला मात्र यंत्र असते आणि दोन्ही हात यंत्रावर असतात, तेव्हा त्या क्षणापुरता तरी तो परतफेड करू शकत नाही. वारीच्या व्यवस्थेत तक्रारीलाही जागा आहे. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंच धरला की टाळमृदंग थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवीत राहते आणि तिचे ऐकून घेतले जाते. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे, चालण्याची जागा आहे. छायाचित्रकाराला क्रमांक नाही. त्याच्याविषयी एखाद्या वृद्धेची तक्रार असलीच, तर ती कोणत्या दिंडीने कोणासाठी टाळ वाजवून मांडावी?

मराठीत वारीत बाहेरून सामील झालेल्या लेखकांची दोन उदाहरणे ह्या संदर्भात आठवतात. इरावती कर्वे ह्यांचा ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी ह्यांचे १९६१ च्या वारीवरील ‘पालखी’ (१९६४). दोघेही चालले. दोघांनीही टिपले, पण त्यांचे टिपणे हे ‘टिपण’ ह्या अर्थाचे होते, आणि टिपण करणाराला विचारावे लागते, ऐकावे लागते. एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा मंडळींच्या पंक्ती वेगळ्या होतात हे कर्वे ह्यांना दिसले आणि बोचले. वाटेवर एका सुरात अभंग म्हणणाऱ्या त्याच मंडळींचे नकळत काढलेले उत्कृष्ट छायाचित्र आपणांस मिळाले असते, तर त्यात ऐक्याखेरीज काही दिसले नसते. छायाचित्र खोटे बोलले नसते. त्याने अर्धा दिवस पाहिला असता.

कायद्याविषयी थोडक्यात. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये फिलिप-लॉर्का डीकोर्शिया ह्यांनी लपवलेल्या प्रकाशयोजनेने वाटसरूंची चित्रे घेतली. २००१ मध्ये त्यांचे प्रदर्शन झाले. त्यांतील एक सनातनी यहुदी गृहस्थ, ज्यांच्या श्रद्धेला स्वतःच्या प्रतिमेचा असा वापर निषिद्ध होता, न्यायालयात गेले. २००६ मध्ये दावा फेटाळला गेला. कलाकृतीचे स्वातंत्र्य वरचढ ठरले. निर्णय तेथील कायद्याला धरून असेल, पण त्याने आपला प्रश्न सुटत नाही. कायदा ‘हे घेता येते काय?’ एवढेच विचारतो. प्रयागराजच्या २०२५ च्या कुंभमेळ्यात स्नान करणाऱ्या स्त्रियांची चलच्चित्रे समाजमाध्यमांवर टाकणाऱ्या खात्यांविरुद्ध पोलिसांनी गुन्हे नोंदविले. तो प्रकार इतका उघड निंद्य होता की त्याची चर्चा येथे करण्याचे प्रयोजन नाही. कठीण असतात ती चांगली चित्रे.

ह्या कठीण चित्रांबाबत भाषाशास्त्राचा अनुभव काही उपयोगी पडेल असे वाटते, कारण नेमक्या ह्याच पेचातून हे शास्त्र गेले आहे. माणसे निरीक्षणाखाली नसताना कशी बोलतात हे आम्हांस हवे असते, आणि ते निरीक्षणावाचून मिळत नाही. विल्यम लबाव्ह ह्यांनी ह्या पेचाला ‘निरीक्षकाचा विरोधाभास’ असे नाव दिले. एक सोपा मार्ग होता : ध्वनिमुद्रक लपवावा. लंडनमध्ये १९५९ पासून रँडॉल्फ क्वर्क ह्यांनी चालविलेल्या इंग्रजीच्या पाहणीत पुष्कळ संभाषणे अशी घेतली गेली की, बोलणाऱ्यांपैकी काहींना मुद्रण चालू असल्याची कल्पना नव्हती. त्या सामग्रीची शास्त्रीय किंमत मोठी आहे. आज मात्र असे मुद्रण आमच्या शास्त्रात सामान्यतः त्याज्य मानतात. लबाव्ह ह्यांनी दुसरा मार्ग काढला. ध्वनिमुद्रक उघड टेबलावर ठेवून ते विचारीत : आता आपला जीव जातो, असे तुम्हांला कधी वाटले होते काय? माणूस ती हकीकत सांगू लागे आणि सांगता सांगता यंत्र विसरून जाई. त्याची बोली सैल होई, मूळ उच्चार वर येत. संमती दिलेली होती. ती देऊन तो पुढे गेला होता.

येथे ‘नकळत’चा तिसरा प्रकार दिसतो, आणि तो वरील दोहोंच्या मधला आहे. कळलेले होते, पण विसरले गेले. भक्तीच्या चित्रणात हा प्रकार शक्य आहे काय? आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर एका दिंडीबरोबर कॅमेरा गळ्यात उघडा टाकून चालणारा, तिच्यातच जेवणारा आणि तिच्याच तंबूत झोपणारा छायाचित्रकार पहिल्या दिवशी सर्वांना खुपतो. सासवडपर्यंत त्याला चहा मिळू लागतो. फलटणच्या पुढे तो आणि त्याचे यंत्र ह्यांची दखल घेण्याचे कोणाला कारण उरत नाही. त्या वेळी त्याने घेतलेले चित्र आणि दिवे घाटाच्या वळणावर एका दिवसापुरते मोटारीने येऊन लांब भिंगाने घेतलेले चित्र ही दोन्ही कदाचित एकसारखी दिसतील. पाहणाऱ्यास भेद कळेलच असे नाही, आणि समीक्षेची खरी अडचण येथे आहे : चित्र ज्या संबंधातून आले तो संबंध बहुतेक वेळा चित्राच्या बाहेर राहतो.

बहुतेक वेळा, सर्वदा नव्हे. कधी चौकटीतील एखादा भाविक, नाम चालू असतानाच, डोळे उघडून भिंगाकडे पाहतो. त्याने पाहिले, ओळखले, आणि तो आपल्या कामात राहिला. निवड करताना असे चित्र बिघडले म्हणून बाजूला पडते, कारण त्यात कॅमेऱ्याची चाहूल आली. ग्रंथांत आणि प्रदर्शनांत ते क्वचितच दिसते. वारीच्या छायाचित्रांचा कोणी विद्यार्थी गांभीर्याने अभ्यास करणार असेल, तर त्याने प्रकाशित चित्रांइतकाच वेळ ह्या वगळलेल्या चित्रांना द्यावा, आणि चित्रकर्त्यांकडून ती मागून घ्यावीत.